आरोग्यमंत्री महोदय, रस्त्याच्या नकाशावर आपलीही सही हवी

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

पत्र वाचताना हे बांधकाम खात्याकडे जायला हवं होतं, असं आपल्याला वाटेल. पण मी मुद्दाम आपल्यालाच लिहिते आहे. रस्ता किती रुंद करायचा, फुटपाथ किती उंच ठेवायचा, सिग्नल किती सेकंदांचा लावायचा, हे ठरतं तेव्हा आपल्या खात्याला कुणी विचारत नाही. त्या निर्णयांचे परिणाम मात्र आपल्याच रुग्णालयांत येऊन पडतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुबा मोडलेल्या, पक्षाघातातून सावरणाऱ्या, गुडघे बदललेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं रोजचं काम. आमची एक साधी चाचणी असते. फरशीवर दहा मीटर आखायचे, रुग्णाला नेहमीच्या चालीने चालायला सांगायचं आणि हातातलं घड्याळ सुरू करायचं. सेकंदाला 0.8 मीटर जमलं की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो. हा माणूस आता एकटा बाहेर पडेल, आपली कामं आपण करेल, असं आमच्या शास्त्रात मानलं जातं.

आता हाच आकडा घेऊन चौकात चला. रस्ता ओलांडायला किती वेळ द्यायचा हे ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो, असं धरण्याची पद्धत अनेक देशांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. रस्ता 14 मीटर रुंद असेल तर या हिशेबाने जेमतेम 12 सेकंद मिळतात. आम्ही ‘बरा झाला’ म्हणून घरी पाठवलेला माणूस तेवढ्या वेळात साडेनऊ मीटर जातो. पुढचे साडेचार मीटर त्याला सुटलेल्या गाड्यांच्या समोरून काढायचे असतात, हातात काठी घेऊन. हा काही विरळा माणूस नाही. इंग्लंडमधल्या 65 वर्षांवरच्या लोकांची चाल तपासली गेली आणि 2012 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुरुषांचा सरासरी वेग 0.9 मीटर निघाला, स्त्रियांचा 0.8. म्हणजे सिग्नल ज्या चालीवर बेतलेला असतो, ती चाल बहुतेक म्हाताऱ्या माणसांकडे नसतेच.

मग काय होतं? बहुतेकदा अपघात होत नाही. माणूस बाहेर पडणंच सोडून देतो. याची नोंद पोलिसांकडे होत नाही, कुठल्या अहवालातही येत नाही. सहा महिन्यांनी तो आमच्याकडे परत येतो तेव्हा मांडीचे स्नायू उतरलेले असतात, साखर चढलेली असते, बोलणं कमी झालेलं असतं. ‘चालायला जाता का?’ विचारलं की सून किंवा मुलगा उत्तर देतो, ‘समोरचा रस्ता ओलांडता येत नाही त्यांना.’ शस्त्रक्रियेवर आणि व्यायामावर सरकारने केलेला सगळा खर्च त्या एका रस्त्यावर वाया जातो.

यावर पादचारी पुलाचा उपाय हमखास सुचवला जातो. खुबा बदललेल्या माणसाला दोन जिने दाखवणं ही सूचना कुणाला सुचते, मला खरंच कळत नाही. पूल गाड्यांच्या सोयीसाठी असतो. गाड्या थांबू नयेत म्हणून माणसाने चढायचं. रस्त्याच्या मधोमध थांबायला एक सुरक्षित उंचवटा आणि दिव्याला थोडे जास्त सेकंद, एवढ्यावर पुलापेक्षा जास्त लोक पार होतात, आणि खर्चही किरकोळ येतो.

वेगाचंही तसंच. गाडीचा वेग 30 वरून 50 किलोमीटरवर गेला की तिच्या धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीन पट होते. हाड तेच असतं, सोसायचं मात्र इतकं जास्त. सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात रस्त्यांवर 11 लाख 90 हजार माणसं गेली, आणि 5 ते 29 वर्षं वयात मृत्यूचं पहिलं कारण रस्ताच आहे. एखाद्या साथीने इतकी तरुण मुलं नेली असती तर आपल्या खात्याने रोज पत्रकार परिषद घेतली असती.

‘वेग कमी करा’ अशी पाटी लावून वेग कमी होत नाही. चालक पाटीचं ऐकत नाही, रस्त्याचं ऐकतो. शहराच्या आत साडेतीन-पावणेचार मीटरचे पदर, म्हणजे लेन, आखले, कोपरे ऐसपैस गोल केले, की गाडी आपोआप पळते. पदर तीन मीटरचा केला, कोपरा आवळला, झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला आणून ठेवलं, की तोच चालक निमूटपणे ब्रेक दाबतो. लंडनमध्ये ताशी 20 मैलांच्या भागांत असेच बदल केले गेले, आणि तिथली जखमींची आणि मृतांची संख्या सुमारे 42 टक्क्यांनी घटल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ऑस्लोमध्ये 2019 या सबंध वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार रस्त्यावर दगावला नाही.

‘मग रुग्णवाहिका कशी पोचणार?’ हा प्रश्न आपल्यापुढे नक्की ठेवला जाईल. रुग्णवाहिकेला उशीर होतो तो मुख्यतः गाड्यांच्या गर्दीमुळे. बससाठी राखलेली मार्गिका असेल तर तिला तीच वाट मोकळी मिळते. फुटपाथच्या उंचीला आणलेल्या क्रॉसिंगसारख्या उंचवट्यांनी तिचे काही सेकंद जातात, हे खरं आहे. म्हणून तिच्या ठरलेल्या मार्गावर ते कुठे आणि कसे घालायचे हे आपल्या खात्याने बांधकाम खात्याबरोबर बसूनच ठरवायला हवं.

फुप्फुसांबद्दल आपले तज्ज्ञ आपल्याला सांगतीलच, मी थोडक्यात लिहिते. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो यावर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच शिक्कामोर्तब केलं. स्टॉकहोमने 2006 मध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावून पाहिलं आणि पुढे ते कायम केलं. तिथल्या लहान मुलांचे दम्याच्या तीव्र त्रासामुळे दवाखान्यात येण्याचे प्रसंग पुढच्या काळात जवळजवळ निम्म्यावर आल्याचं अभ्यासकांना आढळलं. विजेच्या गाड्या आल्या की सगळं सुटेल असं मानणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की टायरची आणि ब्रेकची झीज हवेत उडतच राहते, आणि विजेची गाडी माणसाला धडकली तरी हाड मोडतंच.

आणि बसून राहण्याचा आजार? त्याचा पहिला मोठा पुरावा वाहतुकीतूनच आला होता. ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली आणि 1953 मध्ये निष्कर्ष मांडले. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या मानाने जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार बराच कमी होता. ते वाहक व्यायामशाळेत जात नव्हते. चालणं त्यांच्या कामातच होतं. आज आपलं खातं लोकांना ‘रोज चाला’ म्हणून जाहिराती करतं. चालायचं कुठे, हा प्रश्न त्या जाहिरातींत येत नाही. पावलापावलावर फुटपाथ तुटतो, त्यावर गाड्या उभ्या असतात, मधोमध विजेची पेटी असते.

माझी मागणी एकच आहे. वस्तीतून जाणाऱ्या कुठल्याही नव्या किंवा रुंद होणाऱ्या रस्त्याचा नकाशा आपल्या खात्याच्या सहीशिवाय मंजूर होऊ नये. सही करणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात: 0.8 मीटरच्या चालीला दिवा पुरतो का, वेग रस्त्याच्या आखणीतूनच 30 च्या आत राहतो का, आणि वॉकर घेतलेला माणूस दारापासून बसथांब्यापर्यंत कुठेही अडत नाही ना. नियमात बदल व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. दिव्याचे सेकंद वाढवायला मात्र कायदा लागत नाही, नियंत्रण पेटीतली एक नोंद बदलावी लागते. सुरुवात सरकारी रुग्णालयांच्या दारासमोरच्या सिग्नलांपासून करता येईल. रस्त्याची रुंदी मोजायला टेप आणि चाल मोजायला माणसं आमच्याकडे आहेत, आपण फक्त आदेश द्यावा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट