जुना फिल्टर टाकू कुठे, मंत्रिमहोदय?

माननीय पर्यावरण मंत्री,
स. न. वि. वि.

काल कचरागाडीवाल्याने माझी पिशवी तिसऱ्यांदा परत केली. आत एअर प्युरिफायरचा जुना फिल्टर होता. "हा ओल्यातही नाही, सुक्यातही नाही," तो म्हणाला. त्याचं काय चुकलं? प्लास्टिकची चौकट, आत काचतंतूच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या घड्या, त्या गोंदाने घट्ट चिकटवलेल्या, वर कोळशाचा थर. हे सोडवून भंगारात द्यायचं कोणी?

देवाणघेवाणीत पिशवी फाटली. मला दमा आहे. वर्षभर जी धूळ छातीत जाऊ नये म्हणून यंत्र चालवलं, ती एका झटक्यात नाकातोंडात गेली. रात्रभर उशीला टेकून बसले होते. इनहेलर किती वेळा ओढला ते मोजलं नाही. आपण मोजून घ्या, आकडे आपल्याकडे असतात.

खोक्यावर छापलंय, हेपा (अतिबारीक कण गाळणारा) फिल्टर 0.3 मायक्रॉनचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, 99.97 टक्के कण अडवतो. अडवतो म्हणजे नाहीसे करत नाही, धरून ठेवतो! फिल्टर ओला झाला तर त्यावर बुरशीही धरते. आता तो उकिरड्यावर गेला आणि तिथे कोणी काडी लावली, की झालं. प्लास्टिकच्या धुरासकट सगळं पुन्हा हवेत. मग मी पुन्हा नवा फिल्टर आणते.

घरात दोन यंत्रं, वर्षाला चार फिल्टर. इमारतीत अशी तीस घरं धरली तर एकशेवीस. अंदाजच आहे, पण आपल्या खात्याकडे तेवढाही नसावा. अशा फिल्टरांसाठी संकलन केंद्र "लवकरच" सुरू होणार होतं, त्याला दोन वर्षं झाली. बाल्कनीत आठ फिल्टर साठलेत.

बदलायची वेळ झाली की लाल दिवा लागतो. टाकायचा कुठे, यासाठी दिवा नाही. विकणारा विकून मोकळा, खातं परिपत्रक काढून मोकळं, आणि मास्क लावून दुहेरी पिशव्या बांधायच्या मी! ज्याने विकला त्यालाच परत घ्यायला लावा, एवढं साधं कलम कुणाला जड जातंय? मुळात बाहेरची हवा धड असती तर हे यंत्र घेतलं कोणी असतं? पण हवा सुधारण्यापेक्षा घरोघरी यंत्रं खपलेली सगळ्यांनाच सोयीची.

केंद्राचा पत्ता महिनाभरात कळवा. नाही कळला, तर आपल्या कार्यालयाचा पत्ता माझ्याकडे आहेच. आठही घेऊन येते.

आपली,
दम लागलेली एक नागरिक