विमानात धूर झाला तर बॅग सोडा, हे मराठीत सांगा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विमानात धूर झाल्याची बातमी आली की 'सर्व प्रवासी सुखरूप' एवढे वाचून आपण पान उलटतो. त्यात विमान जमिनीवरच उभे असेल, तर काळजीचे कारणच नाही असे बहुतेकांना वाटते. माझी नोकरी विमानांच्या देखभालीत गेली, म्हणून कळकळीने लिहितो आहे. हा समज जीवघेणा आहे.

१९ ऑगस्ट १९८० रोजी सौदी अरेबियाच्या 'सौदिया' कंपनीचे ट्रायस्टार विमान आत आग लागल्याने रियाधला परतले आणि धावपट्टीवर व्यवस्थित उतरले. पण प्रवाशांना लगेच बाहेर काढलेच नाही. थांबल्यावरही इंजिने काही मिनिटे चालू होती, आणि ती बंद झाल्यानंतर दार उघडायला वीस मिनिटांहून अधिक वेळ गेला. आतल्या ३०१ जणांपैकी एकही वाचला नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला तर विमानाने जमीन सोडलीही नव्हती. उड्डाणासाठी धावत असतानाच इंजिनात स्फोट झाला आणि ५५ जण गेले. त्यातले बहुतेक भाजून नाही, धुराने गेले. आसनांचा फोम आणि आतले प्लॅस्टिक जळले की कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड तयार होतात. दाट धुरात काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपते.

याउलट २ जानेवारी २०२४ची हानेदा विमानतळावरची घटना पाहा. जपान एअरलाइन्सचे विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटले. ध्वनिक्षेपक बंद पडला, आठपैकी तीनच दारे वापरता आली, तरी सगळेच्या सगळे ३७९ जण बाहेर पडले. कर्मचारी कर्णे घेऊन ओरडत होते आणि लोकांनी सामान जागेवर टाकले होते. हे दुसरे मला फार मोलाचे वाटते. कारण २६ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला विमानाच्या चाकाला आग लागली, तेव्हा लोक बॅगा हातात घेऊन घसरपट्टीवरून उतरताना साऱ्या जगाने पाहिले. नव्या विमानाला मान्यता देताना निम्म्या दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात, हे दाखवावे लागते. त्या चाचणीत वरच्या कप्प्यातून बॅग काढायला कोणी थांबत नाही!

दुसरा गैरसमज ऑक्सिजनच्या मास्कचा. उड्डाणापूर्वी मास्कची माहिती देतात, म्हणून तो धुरासाठीच असेल असे लोक धरून चालतात. तो केबिनमधला हवेचा दाब कमी झाला तर वापरायचा असतो. त्यात केबिनचीच हवा मिसळते, म्हणजे धूरही आत येतो. धुरात खाली वाकावे, नाकातोंडावर शक्य तर ओला रुमाल धरावा आणि जमिनीलगतच्या दिव्यांच्या रेषेने दाराकडे जावे. घाबरून आपणच दार उघडू नये. बाहेर त्या बाजूला ज्वाळा असू शकतात किंवा इंजिन चालू असू शकते. २०१६ साली शिकागोत चालू इंजिनाच्या झोताने एक प्रवासी गंभीर जखमी झाला होता.

मुंबईच्या पावसाळ्यात एसीच्या झरोक्यांतून पांढरे धुके येते, त्याला मात्र भिऊ नये. ती दमट हवा थंड झाल्याने बनलेली वाफ असते. तिला वास नसतो आणि ती लगेच विरते. वास जळका, तेलकट किंवा न धुतलेल्या मोज्यांसारखा आला, तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. सीटच्या खिशातली पॉवर बँक तापली, फुगली तरीही तसेच.

आज मुला-नातवंडांना भेटायला सातारा, रत्नागिरी, लातूरकडचे कितीतरी आजी-आजोबा पहिल्यांदाच विमानात बसतात. सुरक्षेची सूचना त्यांच्या कानावर पडते ती इंग्रजी-हिंदीत, तीही घाईघाईने उरकलेली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथून सुटणाऱ्या प्रत्येक विमानात एवढी ध्वनिमुद्रित सूचना मराठीत सक्तीची करावी: 'धूर झाला तर खाली वाका. मास्कची वाट पाहू नका. सामान सोडा. कर्मचारी सांगतील त्याच दाराने बाहेर पडा.' याला अर्धा मिनिटही लागत नाही. तोवर आपल्या दैनिकाने पर्यटन पुरवणीत ही चार वाक्ये चौकटीत छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ,
सांताक्रूझ (पूर्व), मुंबई