साक्रिस्तीतल्या काकांना, पास्काच्या मेणबत्तीबद्दल

आदरणीय काका,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, सगळी मंडळी अंधारात उभी असते. धर्मगुरू दारात 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गातात आणि 'देवाला धन्यवाद' म्हणून देऊळ दुमदुमतं. त्या क्षणी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीची ज्योत तेवत असावी म्हणून तुमचे किती दिवस जातात, हे साक्रिस्तीत, म्हणजे देवळाच्या तयारीच्या खोलीत, वावरणाऱ्यांनाच ठाऊक. म्हणून आम्हा वेदीसेवकांचे आणि वाचकांचे हे आभार सर्वांसमोर.

मेणबत्ती दरवर्षी नवी हवी, खऱ्या मेणाची हवी, आणि एकच हवी. तेल भरलेली प्लास्टिकची नळी चालत नाही. ही मेणबत्ती जळताना झिजते, स्वतःला देऊन उजेड करते, म्हणूनच ती ख्रिस्ताची खूण, हे तुम्ही मुलांना प्रत्येक वर्षी सांगता. वसईचा एप्रिल मेणाला सोसत नाही. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर दोन दिवसांत ती कमरेत वाकते. ती कापडात गुंडाळून सपाट फळीवर आडवी ठेवायची, हे तुमच्याकडूनच कळलं.

धुपाच्या पाच खड्यांचं तर खास सांगायला हवं. मेणबत्तीवर क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोपऱ्यांत वर्षाचे चार अंक, 2026 असेल तर 2, 0, 2, 6. मग ख्रिस्ताच्या पाच जखमांचे पाच खडे : आधी वरचा, मग मधला, मग खालचा, नंतर डावा आणि शेवटी उजवा. धुपाचा खडा असलेला खिळा थेट दाबला की मेणाला तडा जातो, आणि तो तडा पुढे वितळत्या मेणाला वाट देतो. तुम्ही सुई तापवून पाचही भोकं आदल्या दिवशीच करून ठेवता; धर्मगुरूंना नुसतं बोटानं दाबावं लागतं. वातीभोवतीचं मेण खरवडून सेंटीमीटरभर वात मोकळी ठेवता, पण आधी पेटवून बघत नाही. तिची पहिली ज्योत त्या रात्री पेटवलेल्या नव्या अग्नीचीच.

तो अग्नी अंधार पडल्याशिवाय पेटवायचा नाही. एप्रिलच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेसातच्या आधी काडी ओढू देत नाही तुम्ही, कुणी कितीही घाई केली तरी. खाली नारळाची वाळकी सोडणं, वर करवंट्या, त्यावर बारीक लाकूड. रॉकेल अजिबात नाही : भडका उडतो, लगेच बसतो, आणि वास धुपावर मात करतो. धूपदानीतले निखारेही याच अग्नीतून उचलायचे.

आणि पंखे! मिरवणूक आत येण्याआधी छताचे सगळे पंखे बंद. एक माणूस बटणांपाशी उभा, त्यानं तिसऱ्या 'ख्रिस्ताचा प्रकाश' नंतरच दिवे लावायचे, वेदीवरच्या मेणबत्त्या सोडून. त्या जुन्या करारातल्या वाचनांनंतर, गौरवगीताच्या वेळी पेटतात, आणि पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर मुक्या झालेल्या घंटा तेव्हाच वाजतात. ही सात वाचनं कमी करता येतात, पण तीनांच्या खाली नाही, आणि बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा 14वा अध्याय, इस्राएली लोकांनी समुद्र ओलांडल्याचा, कधीच गाळायचा नाही. समुद्र ओलांडल्याशिवाय स्नानसंस्काराचं (बाप्तिस्म्याचं) पाणी कळत नाही, असं तुम्ही वाचकांना सांगता. त्यामुळे आमच्यातले कित्येक जण तो उतारा आता नुसता वाचत नाहीत, त्यातून चालतात.

मंडळींच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्यांची रीतही तुमचीच शिकवण. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली तिच्याकडे झुकवायची. उलटं केलं की तापलं मेण शेजाऱ्याच्या हातावर. लहान मूल आपली मेणबत्ती झुकवतं, श्वास रोखतं, ज्योत लागली की हळूच ताठ करतं. ते पाहायला तुम्ही दर वर्षी खांबाआड थांबता, हे आम्हांला माहीत आहे. नंतर वेदीवस्त्रावरचं मेण काढायचं ते पाण्यानं नाही : आधी कडक झालेलं खरवडायचं, मग वरखाली खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारचंही राहू नये. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या पूर्ण वाळवून लोखंडी तव्यात जाळणं, राख गाळून कोरडी ठेवणं, आणि ती पाण्यात कालवून कपाळाला लावू नका, कातडी भाजते, हा तुमचा इशारा. अनेकांना तो ठाऊकही नसतो.

पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस ती मेणबत्ती वाचनमंचापाशी उभी राहील, मग स्नानकुंडाजवळ. वर्षभर प्रत्येक बाळाच्या स्नानसंस्काराची मेणबत्ती तिच्यावरूनच पेटेल, आणि घरातलं कुणी गेलं की शवपेटीपाशीही तीच जळेल. दोन्ही वेळी वात नीट कापलेली असते आणि पितळी ठाण स्वच्छ असतं. काका, त्या प्रत्येक वेळेसाठी मनापासून आभार.

आपले,
वेदीसेवक आणि वाचक