चार कोटींचा हत्ती

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. पानभर किल्ल्याचं कौतुक, दारूच्या कोठाराचा हिशेब, खोल्यांचे नकाशे, आणि अगदी शेवटी कोपऱ्यात कोंबलेली खरी गोष्ट: ‘महाकाय हत्ती दिसलाय, पकडू का?’ एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण ड्वार्फ फोर्ट्रेस, म्हणजे बुटक्यांचा किल्ला वसवायचा आपला कॉम्प्युटर गेम, त्यातल्या सगळ्या जनावरांत माझा जीव त्याच्यावरच जडलाय, हे ठाऊक असूनही तू विचारलंस. आता ऐकून घे.

आधी तो केवढा आहे ते डोक्यात शिरू दे, कारण पडद्यावरून त्याचा पत्ताच लागत नाही. गेमच्या हिशेबात बुटका एका चौकोनात मावतो आणि हा हत्तीही एकाच चौकोनात मावतो. जुन्या आवृत्तीत तर चित्रंच नव्हती. नुसतं एक इंग्रजी अक्षर गवतातून सरकायचं आणि आपण त्याला हत्ती समजायचं. खरा आकार आत, आकड्यांत दडलेला असतो. प्रत्येक प्राण्याचं आकारमान घनसेंटीमीटरमध्ये लिहिलेलं आहे: बुटका ६० हजार, माणूस ७० हजार, साधा हत्ती ५० लाख आणि हा तुझा पाहुणा सुमारे ४ कोटी. शरीर साधारण पाण्याइतकं जड धरलं तर बुटका ६० किलोचा, साधा हत्ती पाच टनांचा आणि हा चाळीस टनांचा. आता गंमत बघ. त्याच गेममधला ड्रॅगन पूर्ण वाढायला हजार वर्षं घेतो आणि तेव्हा कुठे अडीच कोटींवर पोचतो. ज्याच्या नावाने सगळा किल्ला थरथर कापतो तो हत्तीपुढे किरकोळ! आणि हत्ती बिचारा गवत खात उभा.

हे महाकाय प्राणी बनवण्याची पद्धतही मजेशीर आहे. गेम बनवणाऱ्या टार्न आणि झॅक ॲडम्स या भावांनी प्रत्येक महाकाय जनावर वेगळं घडवत बसण्याऐवजी एक साचा केला. साध्या प्राण्याची व्याख्या घ्यायची, तिच्यावर ‘महाकाय’ हा साचा चढवायचा, की प्राणी तयार. २०१२ च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत या साच्यातून अशी काही फौज बाहेर पडली की विचारू नकोस. महाकाय चिमण्या, महाकाय ससे, महाकाय स्पंजसुद्धा. हो, समुद्रतळाला चिकटलेला स्पंज! त्याला मेंदू नाही, हृदय नाही, त्यामुळे भाला खुपसायचा तरी कुठे, असा प्रश्न पडून भलेभले हैराण झाले. पण तो विनोद आहे. हत्ती विनोद नाही.

साधा हत्ती आठपट करायचा म्हणजे काय? उंची, लांबी, रुंदी प्रत्येकी दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन. वजन आठपट झालं, पण पायाच्या हाडाचा छेद फक्त चौपट झाला. म्हणजे हाडाच्या छेदाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार. गॅलिलिओने १६३८ मध्येच हे लिहून ठेवलंय, की मोठ्या जनावराला लहान जनावराचीच हाडं मोठी करून दिली तर ती पुरत नाहीत, ती प्रमाणाबाहेर जाड करावी लागतात. चाळीस टन वजन जमिनीवर चालूच शकत नाही असं मात्र नाही. सॉरोपॉड जातीचे मोठे डायनोसॉर त्याहूनही जड होते. पण त्यांची अख्खी ठेवणच वेगळी. आपल्या हत्तीला ती सोय नाही, साच्याने त्याला फक्त फुगवलंय. गेम याकडे काणाडोळा करतो आणि मीही करतो.

भुकेकडे मात्र गेम काणाडोळा करत नाही, आणि तिथेच मला हा प्राणी खरा वाटायला लागतो. खरा हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ खाण्यात घालवतो. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा उडवतो. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं, की प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते. तो हिशेब लावला तर आठपट वजनाला पावणेपाचपट अन्न लागेल, म्हणजे दिवसाला सातशे किलो. तोंडाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच! खाणारं तोंड भुकेच्या मागे पडत जाणार. आणि गेममध्ये हे खरोखर घडायचं. गवत चरण्याचा नियम आला तेव्हा भूक शरीराच्या आकारावरून ठरायची, आणि एके काळी साधे हत्तीसुद्धा भरल्या कुरणात, तोंडात गवत असताना उपाशी मरायचे. जेवढ्या वेळात एक घास जायचा तेवढ्यात दोन घासांची भूक लागायची. पुढे हे दुरुस्त झालं. पण त्या काळात हत्ती पाळलेल्यांच्या मनातून ते जात नाही. ज्याला भाल्याने मारणं महाकठीण तो हिरव्यागार माळावर उभ्या उभ्या खंगायचा.

आता तुझा किल्ला. जागा निवडताना आसपासच्या परिसराचं वर्णन वाचलं होतंस का? जग तयार होताना प्रत्येक भागाला रानटीपणाचा शून्य ते शंभर असा आकडा मिळतो. तो ६६ किंवा त्याहून वर गेला की महाकाय प्राणी येतात, त्याखाली नाही. म्हणजे हत्ती तुझ्याकडे वाट चुकून आलेला नाही. उष्ण गवताळ माळ आणि त्यात रानटी, हे त्याचंच घर. तू तिथे जाऊन दरवाजा बसवलास.

आणि हाच माझा सगळा मुद्दा आहे. बाकी जे कोणी तुझ्या दारात येतात ते काहीतरी हवं म्हणून येतात. गॉब्लिन नावाचे शत्रू लुटायला आणि पोरं पळवायला येतात, चोर वस्तू उचलायला येतात, मोठे दैत्य किल्ल्याची वस्ती आणि श्रीमंती वाढल्यावर उगवतात. तू सोन्याचे पुतळे उभे केलेस तरी हत्तीला त्याचं काही नाही. तो येतो, चरतो, आणि हाकललं नाही तरी काही काळाने नकाशाच्या कडेवरून निघून जातो. आपण त्याच्या वाट्याला गेलो नाही तर तो आपल्या वाट्याला सहसा येत नाही. या गेममध्ये ज्याला तुझ्याकडून काहीच नको असं मोठं पात्र मला दुसरं सापडलेलं नाही.

‘मग हत्तींची एवढी दहशत कशी?’ असं तू म्हणणार. म्हण. पहिली सार्वजनिक आवृत्ती २००६ च्या ऑगस्टमध्ये आली. त्या काळातले हत्ती साधेच होते, महाकाय नव्हे, पण भयंकर चिवट. बोटमर्डर्ड नावाचा किल्ला त्यांच्यामुळेच अजरामर झाला. तो खेळाडूंनी आळीपाळीने चालवला, एकाने एक वर्ष खेळायचं आणि जतन केलेला खेळ पुढच्याच्या हाती द्यायचा. प्रत्येक नव्या कारभाऱ्याच्या वाट्याला बाहेर फिरणारे हत्ती आणि दारात पडलेले मुडदे ठरलेले. पण तशी रामायणं कशी घडतात ते एकदा नीट बघ. शिकारीचं काम दिलेला बुटका क्रॉसबो, म्हणजे दांड्याचं आडवं धनुष्य, घेऊन निघतो. जनावर केवढं आहे याचा विचार करणं त्याच्या स्वभावात नाही. बाण संपले की तो धनुष्याच्याच दांड्याने हत्तीला बदडायला जातो. तो मेला की दुसरा त्याचे मोजे आणायला धावतो. मोजे! दुसरा मेला की त्याचे मोजे आणायला तिसरा. हत्ती दरवेळी फक्त जागच्या जागी उत्तर देतो. बदनामी मात्र त्याची.

मारायचा विचार असेल तर तोही सांगतो. इथे प्राण्याला शंभर गुण देऊन त्यातून वजाबाकी करायची पद्धत नाही. कातडी, चरबी, स्नायू, हाड असे थर आहेत, आत अवयव आहेत, आणि प्रत्येक हत्यार किती रुंद लागतं, किती खोल जातं, याचा हिशेब आहे. तुझ्या सैनिकाची कुऱ्हाड गॉब्लिनचा हात एका घावात उडवते. तीच इथे कातडी फाडून चरबीत अडकते. लढाईचा वृत्तान्त उघडून वाचशील तर ओळीमागून ओळ चरबीच फाटतेय, चरबीच फाटतेय. मग मध्येच एक ओळ येते, हत्तीने पाय टाकला, आणि वृत्तान्तातल्या एका माणसाचं नाव पुढे येईनासं होतं. चांगल्या पोलादी भाल्यांची तयार तुकडी त्याला पाडते, नाही असं नाही. मांसही डोंगरभर मिळतं. पण एवढ्या मांसासाठी टर्की पाळाव्यात, अंडीही मिळतात.

राहिला पिंजरा. याच्यावर माझा खरा राग आहे. जो गेम हत्तीच्या चरबीची जाडी मोजतो त्याच गेममध्ये एका ओंडक्याचा लाकडी पिंजरा आणि दगडी यंत्र लावून सापळा केला, की चाळीस टनांचं धूड त्यावर पाऊल टाकताच आत जाऊन बसतं. झटापट नाही, काही नाही. त्या पिंजऱ्याला मग एकटा बुटका उचलून कोठारात नेऊन ठेवतो. नियमात बसतं, पण मला हे पोरकट वाटतं. पिंजरे लावायचेच असतील तर गॉब्लिनांच्या वाटेवर लाव.

तरी तू पकडणारच. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तर मग पुढचं वाचून ठेव. पकडलेला हत्ती माणसाळला असं दिसलं तरी ते कायमचं नसतं. शिकवणीच्या पायऱ्या आहेत, अर्धवट रानटीपासून उत्तम शिकवलेल्यापर्यंत, आणि माहुताचं लक्ष हटलं की तो एकेक पायरी खाली उतरत जातो. तळाला पोचला की पुन्हा पुरता रानटी, आणि त्या वेळी तो तुझ्या भोजनगृहाच्या मधोमध उभा असू शकतो. तुझी जमात त्या जातीबद्दल जितकं शिकत जाईल तितकी ही घसरण मंदावते. ते ज्ञान एकट्या माहुताचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. पण मोठ्या हत्तीच्या बाबतीत हे रोजचं काम संपत नाही. एक माणूस कायमचा त्यालाच बांधून ठेवावा लागतो. पर्यायी माहूतही तयार ठेव, कारण पहिला कधी आजारी पडेल, कधी दारूच्या पिंपाशी लवंडेल, सांगता येत नाही.

हे पत्र पोचेपर्यंत एवढं कर: शिकाऱ्यांची नेमणूक काढून टाक, बाहेर पडलेल्या वस्तूंना हात लावायची मनाई कर, आणि दरवाज्यासमोरची पन्नासेक पावलं गवताची जागा तशीच सोड.

आणि एक विचारायचं राहिलंच. तू नुसतं ‘हत्ती’ लिहिलंस. नर आहे की मादी? की जोडी? जोडी असेल तर माझं अर्धं पत्र बाद समज. शिकवलेल्या आईच्या पोटी जन्मलेलं पिल्लू लहान असतानाच हाती धरलं तर ते कायमचं माणसाळतं, मागे जात नाही. तेवढ्यासाठी मी पिंजऱ्यावरचा राग गिळीन. यादीत नावासमोर खूण असते, बघून कळव.

तुझा,
हत्तीपक्षाचा वकील