पोर्टेबल जनरेटर वापरणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, वीज गेल्यावर बाल्कनीत किंवा जिन्याखाली पोर्टेबल जनरेटर चालविणे तात्काळ थांबवावे. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या रायगड किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे जनरेटरची गरज समितीस पूर्णपणे मान्य आहे. परंतु त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला तो जाग येण्याआधीच गाठतो. म्हणून जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, सायलेन्सरचे तोंड इमारतीच्या उलट दिशेला ठेवूनच चालवावा. नुसती खिडकी उघडी ठेवून भागत नाही. डोके दुखू लागल्यास, मळमळल्यास वा गरगरल्यास आधी सर्वांनी घराबाहेर पडावे आणि मग १०८ वर फोन करावा.

दोन्ही टोकांना पिन लावलेल्या वायरने घरातील सॉकेटमध्ये वीज कदापि सोडू नये, कारण ती उलट वाहत ट्रान्सफॉर्मरमधून उच्च दाबाने लाइनवर जाते आणि भर पावसात आपल्यासाठीच खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच) बसवूनच करून घ्यावी. पेट्रोल भरण्यापूर्वी यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे.

सचिव, व्यवस्थापक समिती