नाव न छापण्याच्या अटीवर आभार

प्रिय मित्रा,

तुझी अट पाळते आहे. नाव, गाव, कंपनी, काही लिहीत नाही. पण आभार मानू नका असं तू म्हणाला नव्हतास, आणि म्हणाला असतास तरी मी ऐकलं नसतं. उघड पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की जुन्या फॉन्टांतलं मराठी आम्हा अंधांना ऐकता यावं म्हणून तू केलेलं काम माझ्यासारख्या इतरही काही जणांच्या टेबलावर रोज चालतं, आणि ते कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री जागून केलंय याची त्यांतल्या बहुतेकांना कल्पनाही नाही.

तुला माहीत असलेलं थोडं इतरांसाठी सांगते. मी एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत लिपिक आहे. रजा, वेतनवाढ, सेवापुस्तकातल्या नोंदी, बदलीचे आदेश हे माझं काम. जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. पडद्यावरचा मजकूर, बटणं, मेनू सगळं तो बोलून दाखवतो. माउसला मी हात लावत नाही.

हा एनव्हीडीए मुळात आभाराचाच विषय आहे. मायकल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला. तेव्हा विकत मिळणारे स्क्रीन रीडर बरेचदा खुद्द संगणकाहून महाग असायचे. डोळस माणसाला पडदा फुकट दिसतो, मग आम्ही तोच पडदा ऐकण्यासाठी वेगळे पैसे का मोजायचे, असा साधा हिशोब त्यामागे होता. जेम्स टे हा त्याचा मित्रही अंधच. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. २००७ मध्ये दोघांनी मिळून संस्था काढली, सॉफ्टवेअर मोफत ठेवलं आणि त्याचा कोडही खुला केला. कुणीही उघडून बघावा, बदलावा, वाटावा. या शेवटच्या गोष्टीचं महत्त्व मला बरीच वर्षं कळलेलं नव्हतं. मोफत आहे एवढंच पुरेसं वाटायचं.

माझं अडलं ते जुन्या फॉन्टांपाशी. आमच्या कार्यालयातले आदेशांचे, टिपण्यांचे, स्मरणपत्रांचे सगळे नमुने वर्षानुवर्षं एकाच जुन्या फॉन्टात टंकलेले. डोळस माणसाला त्यात वावगं काही दिसत नाही, चांगलं ठसठशीत मराठी दिसतं. पण आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि चिन्हं असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांचे तुकडे चढवतो, इतकंच. स्क्रीन रीडरला तो चढवलेला साज कळत नाही, तो आतलं वाचतो. त्यामुळे ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ ऐवजी मला कुणीतरी कीबोर्डवर हात आपटल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. अशा वेळी मी एनव्हीडीएची कळ धरून एफ दाबायची, तो फॉन्टचं नाव सांगायचा आणि मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारायची. त्या बिचाऱ्या वाचून दाखवायच्या. त्यांनी कधी कुरकुर केली नाही, हेही इथे लिहून ठेवते. पण दुसऱ्याच्या सवडीवर चालणाऱ्या कामाला आपलं काम म्हणवत नाही. शिवाय कुणाच्या चौकशीचा कागद असला की तो मोठ्यानं वाचायचा कसा?

प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड नावाची जागतिक पद्धत आहे, आणि तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोजमध्येही अशी देवनागरी २००० सालापासून चालते. तरी जुन्या फाइली मरत नाहीत. ‘जुनाच नमुना उघडून नाव बदला’ हा कार्यालयांचा धर्म आहे, त्यामुळे त्या फॉन्टात आजही ताजी पत्रं निघतात.

‘मग इंटरनेटवर फॉन्ट बदलून मिळतो की’ असं मला अनेकांनी सांगितलं. मिळतो. पण एखाद्याचं सेवापुस्तक किंवा निलंबनाचा आदेश कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावर चिकटवायचा, हे मला पटत नव्हतं आणि नियमातही बसत नव्हतं. तू ही अडचण ऐकलीस तेव्हा पहिलं काय म्हणालास ते मला आठवतं: ‘ताई, म्हणजे हे तुमच्याच मशीनवर चाललं पाहिजे, नेट न वापरता.’ दुसरं वाक्य त्याहून चांगलं होतं: ‘आता तुम्हाला जे ऐकू येतं ते जसंच्या तसं सांगा.’

इथे जरा थांबते. आम्हा लोकांसाठी काही करू पाहणारे पुष्कळ भेटतात. दोन दिवसांच्या स्पर्धेत डोळ्यांना पट्टी बांधून पाच मिनिटं चालायचं, मग काठीला सेन्सर लावायचा, फोटो काढायचे. अशा किती काठ्या मी हातात धरून परत केल्या असतील! मला काय अडतं हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मी फक्त हातात वस्तू घेऊन हसायचं. तू मला लाभार्थी केलं नाहीस, कामाला लावलंस. या पत्रात आभार कशाचे मानायचे असतील तर मुख्यतः याचे.

आणि काम सोपं नव्हतंच. जुन्या फॉन्टांत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं रचलेली, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं. ‘निर्णय’ घ्या. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी न च्या आधी येते आणि रफार ण च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी न च्या नंतर जाते आणि र ण च्या आधी येतो. शिवाय कित्येक फॉन्टांत अख्खा ण नसतोच, अर्धा ण आणि काना जोडून तो केलेला असतो. म्हणजे काना दिसला की तो खरा काना आहे की अक्षराचा दांडा, हे आधी ठरवायचं. त्यात कुठल्या चिन्हामागे कुठलं मराठी अक्षर आहे याचा प्रत्येक फॉन्टाचा तक्ता निराळा. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

तू तक्ता बनवायचास, एनव्हीडीएला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ॲड-ऑन, करून पाठवायचास, मी ते चालवून बघायची. मजकूर निवडायचा, कळ दाबायची, मराठी ऐकायचं. खरी कागदपत्रं तुला देता येत नव्हती, म्हणून मी त्याच फॉन्टात खोटे आदेश टंकून घ्यायचे. शेजारच्या बाईंना त्यात फारच रस आला. ‘श्री. अमुक तमुक यांना सासुरवाडीस जाण्याकरिता अर्जित रजा मंजूर करण्यात येत आहे’, ‘श्रीमती ढमुक यांची बदली चुलत्याच्या विनंतीवरून रद्द’ असले नमुने तुझ्या कोडसोबत चाचणीसाठी अजून ठेवलेले आहेत. पुढे कुणी अभ्यासकानं ते उघडले तर मराठी प्रशासनाबद्दल त्याचं काय मत होईल कोण जाणे.

सगळ्यांत जास्त छळलं ते ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दानं. आस्थापना शाखेत हा शब्द नाही असं पत्र दाखवा! त्यात एक रफार आहे आणि एक ऱ्या. हा ऱ्या मराठीत पदोपदी लागतो, हिंदीत लागत नाही. तू सुरुवातीला जो तयार तक्ता घेतला होतास तो हिंदीसाठी लिहिलेला होता, त्यामुळे त्यातून ‘कर्मचार्यांना’ निघत होतं, आचार्यांतल्या र्या सारखं. माझ्या कानाला ते खटकलं, पण ‘खटकतं’ म्हणून तुला काय उपयोग? मग तूच मला सांगितलंस की अक्षरावर थांबून नंबर पॅडवरचा दोन हा आकडा तीनदा दाबला की एनव्हीडीए त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक बोलतो. दुसऱ्या दिवशी मी तुला लिहिलं: ०९३० (साधा र) येतोय, ०९३१ (ऱ्या मधला ऱ) यायला हवा. तुझं उत्तर एका ओळीचं होतं: ‘सापडलं.’ सरकारी नोकरीत मला प्रशंसापत्रही मिळालंय. त्यापेक्षा हे एका शब्दाचं उत्तर मला जास्त आवडलं.

यात तू पडद्यावर जे बघत होतास ते मला दिसत नव्हतं आणि मी ज्या वेगानं ऐकते ते तुला कळत नव्हतं. एकदा फोन स्पीकरवर ठेवून मी माझ्या एनव्हीडीएचा आवाज तुला ऐकवला, तर तू विचारलंस, ‘हे मराठी आहे?’ आहे रे बाबा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे हे मान्य, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. तोही मुक्तच. जोनाथन डडिंग्टन यांनी त्याचं मूळ रूप १९९५ मध्ये एकॉर्न कंपनीच्या संगणकांसाठी लिहिलं होतं, आणि २०१५ च्या अखेरीस इतरांनी त्याचीच पुढची शाखा काढून काम चालू ठेवलं. कुणा निवेदकाचं रेकॉर्डिंग त्यात नाही, ध्वनी बहुतांशी गणितानं घडवलेला आहे. म्हणूनच तो इतका लहान आहे, आणि जिच्यासाठी स्टुडिओ भाड्यानं घ्यायला कुणी पैसे देणार नाही अशी भाषाही त्यात बसते. मराठी त्यात आहे. कानाला गोड असलेले आवाज मी वापरून बघितलेत. कथा ऐकायला बरे, टिपणी तपासायला नाहीत.

ॲड-ऑन चालायला लागलं तेव्हा सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मला आभार मानायचेत ते त्यानंतरच्या कामाचे. एनव्हीडीएची दरवर्षीची पहिली आवृत्ती आली की जुनी ॲड-ऑन बंद पडतात, कारण आतली रचना बदललेली असते. ॲड-ऑन बनवणाऱ्यानं ते पुन्हा तपासायचं, दुरुस्त करायचं आणि माहितीच्या फाइलीत शेवटची तपासलेली आवृत्ती बदलून लिहायची. यात नवीन काही घडत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. ज्या पायथन भाषेत एनव्हीडीए लिहिलाय तिची जुनी आवृत्ती सोडून २०२० च्या सुरुवातीला तो नव्या आवृत्तीवर गेला तेव्हा पुष्कळ चांगली ॲड-ऑन अशीच मागे राहिली, बनवणारे आपापल्या संसाराला लागलेले. त्यांना दोष कसा द्यायचा? पण तू दरवर्षी बसतोस. गेल्या खेपेला तुझ्या घरी लग्न होतं असं मागाहून कळलं. लग्नघरात बसून तू माझा वेलांटीचा घोळ निस्तरलास, हे तुझ्या आईला कळलं तर त्या मला काय म्हणतील?

मी एकदा पैशांचा विषय काढला तर तू उडवून लावलास. म्हणालास, ‘एनव्हीडीएला देणगी द्या, मी त्यांच्याच अंगणात बसलोय.’ दिली आहे. तुझा कोड तू खुला ठेवलास त्याचाही अर्थ मला आता नीट लागला. विदर्भातल्या एका शिक्षकांनी, तेही अंधच, आपल्या शाळेतल्या फॉन्टाचा तक्ता स्वतः तयार करून जोडला. त्यांनी तुला विचारलंसुद्धा नाही, थेट बदल पाठवून दिला, आणि तू म्हणालास याचीच तर वाट बघत होतो. उद्या तुला कंटाळा आला, परदेशी गेलास, मुलंबाळं झाली, तरी काम त्यांच्या नाहीतर आणखी कुणाच्या हातून चालू राहील. तू निघून जा असं सुचवत नाही हं, गैरसमज नको.

ऑफिसात आता काय चाललंय ते सांगते. शेजारच्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला मी हाक मारते ती चहाला जाताना. साहेबांनी सगळे नमुने युनिकोडमध्ये करून घ्यायचं ठरवलं आणि ते काम माझ्याकडे दिलं, कारण या फायली आतून कशा असतात ते शाखेत फक्त मला माहीत आहे! तुझ्या ॲड-ऑननंच ते करते आहे. निम्मं झालंय.

वर्डमधल्या तक्त्यांमध्ये मात्र घोळ आहे. एका चौकटीत जुना फॉन्ट आणि शेजारच्या चौकटीत इंग्रजी आकडे असले की तुझं ॲड-ऑन आकड्यांनाही मराठी समजून बदलतं. परवा एकाचा मूळ पगार ‘ठठझ’ असा काहीतरी निघाला. वेतननिश्चितीचा एक खोटा तक्ता करून ठेवलाय, रविवारी पाठवते. घाई नाही. पण जुलैच्या वेतनवाढीच्या आत झालं तर बरं.

तुझी,
आस्थापना शाखेतली ताई