चाल सांगणारं कुणी उरलं नाही : मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र

मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम सलाम. आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांत पत्राची सुरुवात अशीच होते, तेवढं चालवून घ्यावं.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. गेल्या पावसाळ्यात माझी आत्या वारली. मयतीला तिच्या आवडीचं गायन म्हणायचं ठरलं. 'उपासना संगीत' हे आमचं गीतपुस्तक उघडलं, गायन सापडलं. शब्द सगळे जागच्या जागी. वर बारीक अक्षरात 'चाल' असं लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी पदाची पहिली ओळ दिलेली. ते पद आमच्यापैकी कुणालाच येईना. नाटकातलं असेल, लावणी असेल, कुणी म्हणालं जात्यावरचं असेल. ज्या बाईला ते नक्की माहीत होतं ती आमच्यासमोर शवपेटीत निजलेली. शेवटी मी दुसऱ्याच एका चालीत ते बसवायला घेतलं, तर तिसऱ्या ओळीला दोन अक्षरं उरायला लागली. लोक रडत होते म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात आहे.

आपल्या शाळेत नारायण वामन टिळक शिकवतात ते 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे, फुलामुलांचे कवी. ते खरंच आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या माणसाने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यापुढची जवळपास पंचवीस वर्षं भजनं आणि अभंग रचले, हे धड्याखालच्या कविपरिचयात एका ओळीत उरकतं. आमच्याकडे मात्र टिळक म्हणजे रविवार. ज्यांना सहीसुद्धा करता येत नव्हती अशा बायांना टिळकांची पंधरा-वीस गायनं तोंडपाठ असत.

टिळकांनी नेमकं काय केलं, हे पेटीवाल्याला जरा जास्त कळतं. त्यांच्याआधी आमच्या उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरं पुष्कळ होती, आजही आहेत. परदेशी चालीत जोर कुठे द्यायचा ते ठरलेलं असतं, आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ आपल्या जागी अडून बसतात. मग 'प्रभु'चा 'प्र' ताणावा लागतो आणि 'भु' कुठल्या कुठे गडप होतो. वाजवणाऱ्याला ते खड्यासारखं लागतं. टिळक संस्कृत शिकलेले, कीर्तनं ऐकत वाढलेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी अभंग घेतला, ओवी घेतली, आणि गावाने टाळ काढले. नगरकडे देवाची गोष्ट कीर्तनातून सांगण्याची रीत आधीपासून होती, आणि त्यासाठी पदं रचणारे कृष्णरत्न सांगळे यांच्यासारखे कवीही होते. त्यांचं नाव तर कविपरिचयापुरतंही कुठे येत नाही.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन', म्हणजे ओव्यांतलं ख्रिस्तचरित्र, अकराएक अध्यायांवर थांबलेलं होतं. ते पुढे कुणी नेलं? लक्ष्मीबाईंनी. लग्न झालं तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, नवऱ्याने धर्म बदलला म्हणून ज्या काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलेलं असतं, वाचावंच. पण त्याच बाई म्हातारपणी ओवीमागून ओवी रचत बसल्या होत्या, हे मी भल्या शिकलेल्या लोकांना सांगितलं की ते 'हो का?' म्हणतात.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. टिळकांचे शब्द कुठे जात नाहीत. छापलेले आहेत, पुन्हा छापता येतील. निकोल मॅकनिकल या मिशनऱ्याने त्यांची काही भजनं इंग्रजीत नेली, ती तिकडच्या गीतपुस्तकांत आहेत. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ सालीच त्यांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. जाते आहे ती चाल. आमच्या पुस्तकात स्वरलिपी नाही, 'चाल अमुक' एवढीच खूण आहे. त्या काळी ती पुरत होती, कारण ते अमुक पद गल्लीतल्या पोराच्याही तोंडी असायचं. आज ती खूण म्हणजे पाडलेल्या घराचा पत्ता.

याच्या नेमकं उलट एकदा घडलेलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं, आणि मराठी भाषेची त्यात जी थोरवी गायली ती आपल्या सरकारी कार्यक्रमांतही कधीमधी ऐकू येते. ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा छापलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. तरी पुराण टिकलं, कारण लोक ते गात होते आणि हातांनी उतरवून घेत होते. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापता आलं. तिथे छापील बुडालं, गळ्याने आणि हाताने तारलं. आमच्याकडे छापील शाबूत आहे आणि गळे एकेक करून मातीत जात आहेत.

माझी मागणी लहान आहे. आपल्या खात्याच्या अखत्यारीत राज्य मराठी विकास संस्था आहे. तिने दोन माणसं एक वर्षभर नेमावीत. एक गाणं कळणारं, एक ध्वनिमुद्रण कळणारं. राहुरी, वडाळा, शेवगाव, भिंगार, तसंच जालना, सोलापूर, नाशिक, वसई इथल्या म्हाताऱ्या माणसांजवळ त्यांनी बसावं. गायन पूर्ण घ्यावं, मग ते कुणाकडून शिकलात ते विचारावं, आणि ज्या मूळ पदाची चाल आहे ते पद येतं का तेही विचारावं. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. चर्चने कधी काळी लावणीची, नाटकाच्या पदाची चाल उचलली असेल आणि ती लावणी बाहेर विसरली गेली असेल, तर तिची चाल एखाद्या म्हातारीच्या भजनात अजून जिवंत सापडेल. म्हणजे हे काम नुसतं आमचं नाही. तमाशाचा अभ्यास करणाऱ्यालाही चर्चचं दार वाजवावं लागेल. (आमच्या पाळकांना हे वाक्य आवडणार नाही.)

'हे धर्माचं काम, तुमच्या चर्चनेच करावं,' असं आपले अधिकारी म्हणतील. चर्च करतं ते त्याला जमेल तेवढं करतं. पण वारकरी अभंग आणि महानुभावांच्या पोथ्या जपताना सरकार त्यांना मराठीचा ठेवा म्हणतं, आणि ते योग्यच आहे. तोच न्याय आम्हाला लावावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले होते. त्यांतले काही मीच वाटले.

आमच्या गावात जुन्या चाली येणाऱ्या तीन बाया उरल्या आहेत. थोरलीचं वय शहाऐंशी. तिला थंडीत खोकला होतो, म्हणून नाताळात ती गात नाही, उन्हाळ्यात गाते. पोत्यावर बसून, डोळे मिटून, एका दमात चार-पाच गायनं म्हणते आणि मग चहा मागते. आपला माणूस मार्च-एप्रिलमध्ये यावा. पेटी माझी आहे, तिचे दोन सूर उतरलेत, ते मी तोवर लावून घेतो. यायच्या आधी दोन दिवस कळवलं म्हणजे तिन्ही बायांना एका घरी बसवता येईल. धाकट्या दोघींचं आपसात पटत नाही.

कळावे,
आपला,
एक पेटीवाला